निक ड्रेक: अबोल मुलाचा हट्ट

लंडनच्या चेल्सी भागात एका जुन्या डेअरीच्या इमारतीत 'साउंड टेक्निक्स' नावाचा स्टुडिओ होता. 1968 साली तिथे एक उंच, अबोल मुलगा गिटार घेऊन येऊ लागला. निक ड्रेक, स्वतःची गाणी लिहून गाणारा इंग्लिश गायक. वय वीस, केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी.

जन्म रंगूनचा. वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर. बर्मी सागवानाचा व्यापार करणारी ही कंपनी आपल्या मुंबईतली. निक मात्र वाढला इंग्लंडमध्ये, टॅनवर्थ-इन-आर्डेन या खेड्यात. आई मॉली घरी पियानोवर स्वतःची गाणी रचून गायची. तिची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली की मुलाच्या चालींतली हुरहुर कुठून आली, ते लक्षात येतं.

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन बँडच्या ॲशली हचिंग्जने त्याला एका कार्यक्रमात ऐकलं आणि निर्माता जो बॉइडला त्याचं नाव सुचवलं. बॉइडने 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' हा निकचा पहिला अल्बम हाती घेतला. रिचर्ड थॉम्पसन, डॅनी थॉम्पसन असे कसलेले वादक जमवले, तंतुवाद्यांच्या संयोजनासाठी अनुभवी माणूस नेमला. त्या माणसाचं संयोजन ऐकून निकने नकार दिला. हे आपलं नाही. केंब्रिजमधला आपला मित्र रॉबर्ट कर्बी करेल, म्हणाला. विद्यार्थीच तो, स्टुडिओचा अनुभव शून्य! बॉइड आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड धास्तावले असतील तर नवल नाही. पण 'वे टू ब्लू' ऐका. गिटार नाहीच. फक्त कर्बीची तंतुवाद्यं आणि निकचा आवाज. शंका तिथेच मिटली.

एका गाण्यापुढे मात्र कर्बीनेही हात टेकले: 'रिव्हर मॅन'. पाच मात्रांचं हे गाणं. झपताल मुरलेल्या कानांना पाचाचं चक्र परकं वाटणार नाही. पाश्चात्त्य लोकसंगीतात ते विरळाच. गिटार न थांबता फिरत राहते आणि आवाज समेची फिकीर न करता वरून तरंगतो. ही जबाबदारी हॅमर कंपनीच्या भयपटांना संगीत देणाऱ्या हॅरी रॉबिन्सनकडे गेली. आधी गिटार, मग वरून व्हायोलिनं चिकटवली, असं झालं नाही. निक वादकांच्या सोबतच गायला, गिटारही त्याने तेव्हाच वाजवली. तंतुवाद्यांचा तो धुकट पट्टा गाण्याखाली सरकतो तेव्हा अंगावर काटा येतो.

'फ्रूट ट्री' या गाण्यात मरणानंतरच्या कीर्तीचा विषय आहे. निक 1974 साली, 26व्या वर्षी गेला, म्हणून याला भविष्यवाणी म्हणायचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. कवितेत बुडालेला विशीतला मुलगा दुसरं काय लिहिणार?

1969 साली अल्बम आला. वेष्टनावर गाण्यांचा क्रमच चुकीचा छापलेला. मागच्या बाजूला कीथ मॉरिसने टिपलेला फोटो: निक विटांच्या भिंतीला टेकून उभा, समोरून एक माणूस घाईने धावत चाललेला. खप जेमतेम. मंचावर तो बोलायचा नाही. जवळजवळ प्रत्येक गाण्याला गिटारच्या तारा नव्या सुरांत लावाव्या लागत, तेवढ्यात श्रोते गप्पांना लागत.

बहीण गॅब्रिएल अभिनेत्री. अल्बम कुठवर आलाय, याचा तिलाही पत्ता नव्हता. एक दिवस निक तिच्या खोलीत आला, 'हे घे' एवढंच म्हणत रेकॉर्ड पलंगावर टाकली आणि निघून गेला.