एक आडनाव, दोन पियानो

[दृश्य : पियानोचं उघडलेलं काळं झाकण. पट्ट्यांच्या मागे सोनेरी अक्षरं.]

जगातल्या कुठल्याही मोठ्या सभागृहात पियानोच्या जवळ जाऊन पाहा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मागे, झाकणाच्या आतल्या बाजूला, बहुतेक वेळा एकच नाव दिसेल. स्टाइनवे अँड सन्स. मुक्काम न्यूयॉर्क, नाहीतर हँबुर्ग.

[दृश्य : दुसरा पियानो, दुसरं नाव.]

हा दुसरा पियानो जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातला. याच्यावर लिहिलंय, ग्रोट्रियान-श्टाइनवेग.

स्टाइनवे आणि श्टाइनवेग. दोन्ही नावं एकाच घरातून निघाली. पण पुढे असं झालं, की ज्या घराण्याचं ते आडनाव होतं त्यांनी ते बदललं, आणि ज्यांचा त्या घराण्याशी रक्ताचा काडीचाही संबंध नव्हता त्यांनी ते कायदेशीरपणे आपल्या नावामागे लावून घेतलं. मग एक दिवस हे दोघे कोर्टात उभे राहिले.

[दृश्य : जर्मन शहरातला फरसबंदी रस्ता. कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची पाटी.]

जर्मन आडनावं साधारण बाराव्या शतकापासून रुळू लागली आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत पक्की झाली. शहरं वाढली, एकाच गल्लीत चार-चार हाइनरिश आणि पाच-पाच योहान झाले, तेव्हा कर गोळा करणाऱ्याला आणि चर्चमधल्या नोंदवहीला त्यांच्यात फरक करणं भाग होतं. कुणाला धंद्यावरून नाव मिळालं. पिठाची गिरणी चालवणारा म्युलर, लोहार तो श्मिट. कुणाला बापाच्या नावावरून, कुणाला केसांच्या रंगावरून. आणि बऱ्याच जणांना राहत्या जागेवरून. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांची जातकुळी हीच. फरक इतकाच, की आपल्याकडे बहुधा अख्खं गाव आडनावात येतं. जर्मनांमध्ये एखादा ओढा, एखादी टेकडी, एखादा रस्ताही पुरतो.

‘श्टाइन’ म्हणजे दगड आणि ‘वेग’ म्हणजे वाट. ज्या काळात पावसाळ्यात गाडीचं चाक आसापर्यंत चिखलात रुतायचं, त्या काळात दगड बसवलेला रस्ता ही मिरवण्यासारखी गोष्ट होती. त्यामुळे श्टाइनवेग नावाचे रस्ते जर्मनीत ठिकठिकाणी सापडतात. फ्रँकफुर्टमध्ये आहे, मारबुर्गमध्ये आहे, कोबुर्गमध्ये आहे, ब्राउनश्वाइगमध्येही आहे. अशा एखाद्या रस्त्याच्या कडेला घर असलेला माणूस श्टाइनवेग झाला. म्हणून दोन श्टाइनवेग भेटले तर ते एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. आडनावांवरून वंशवेल जोडत बसणारे उत्साही लोक इथेच फसतात.

[दृश्य : हार्त्सच्या डोंगरातली दाट झाडी, उतरत्या छपरांची घरं.]

आपला श्टाइनवेग हार्त्सच्या डोंगरातल्या वोल्फ्सहागेन नावाच्या खेड्यातला. हाइनरिश एंगेलहार्ड श्टाइनवेग, जन्म 15 फेब्रुवारी 1797. नेपोलियनच्या लढायांचा काळ. या माणसाच्या लहानपणाबद्दल घरात एक कथा सांगितली जायची. वडील आणि भाऊ जंगलात कामाला गेले होते, वादळात झोपडीवर वीज पडली, आणि एकटा हाइनरिश वाचला. मोठा उद्योग उभा करणाऱ्याच्या बालपणात अशी एखादी वीज पडलेली बरी दिसते. तेव्हा ही कथा जरा अंतर ठेवूनच ऐकायची.

पक्कं आहे ते पुढचं. तो झेझेन या गावात स्थायिक झाला, 1825 मध्ये त्याचं लग्न झालं. हात सुतारकामाचा, कान सुरांचा. 1836 मध्ये त्यानं आपला पहिला ग्रँड पियानो बांधला, तोही घरातल्या स्वयंपाकघरात. म्हणून त्याला आजही ‘स्वयंपाकघरातला पियानो’ म्हणतात. डोळ्यांसमोर आणा. चुलीची ऊब, टेबलावर वाळत ठेवलेल्या लाकडाच्या फळ्या, सरसाचं भांडं, भोवती नाचणारी मुलं, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात ताणून बसवलेल्या तारा. घरातल्या बाईचं त्यावर काय म्हणणं होतं, ते मात्र इतिहासात कुणी लिहून ठेवलेलं नाही.

जर्मनीत त्याच्या हातून चारशे ब्याऐंशी वाद्यं झाली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[दृश्य : जुनं बंदर, शिडांची जहाजं.]

मग सोडलं कशाला? जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. लहानमोठी संस्थानं, त्यांच्या सीमा, त्या सीमांवरची जकात. झेझेन होतं ब्राउनश्वाइगच्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या संस्थानात, आणि शेजारचं हानोव्हर वेगळ्या जकात संघात. पियानोसारखी जड आणि महाग वस्तू विकणाऱ्याला हद्दीपलीकडचं गिऱ्हाईक परवडेना. त्यात 1848 चे उठाव झाले आणि चिरडले गेले. दुसऱ्याच वर्षी मुलगा कार्ल न्यूयॉर्कला गेला. तिकडून त्याची पत्रं आली, आणि 1850 च्या उन्हाळ्यात बाकीचं कुटुंब ‘हेलेने स्लोमान’ या वाफेच्या जहाजानं हँबुर्गहून निघून न्यूयॉर्कला उतरलं.

एक जण मात्र मागे राहिला. थोरला मुलगा, थेओडोर. झेझेनचं दुकान त्यानं सांभाळायचं ठरलं. आडनावाला दोन फांद्या फुटल्या त्या इथे.

[दृश्य : मॅनहॅटनचा जुना नकाशा, लोअर ईस्ट साइड.]

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत गेलेल्या घराण्यांत हमखास सांगतात, ‘आमचं आडनाव एलिस आयलंडवरच्या कारकुनानं बदललं.’ गोष्ट झकास आहे, पण तशी नोंद तिथे होतच नव्हती. प्रवाशांची यादी जहाज कंपनी निघण्याच्या बंदरावरच करायची. न्यूयॉर्कचे अधिकारी समोरच्या माणसाला त्या यादीशी ताडून पाहायचे. आणि एलिस आयलंडचं केंद्र सुरूच झालं 1892 मध्ये. श्टाइनवेग मंडळी त्याच्या बेचाळीस वर्षं आधी येऊन पोचली होती. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, आपल्या सोयीनं, हळूहळू. म्युलरचा मिलर झाला, श्मिटचा स्मिथ. हुबर घराण्यातून पुढे राष्ट्राध्यक्ष हूवर निघाले.

श्टाइनवेगांना तर नाव बदलायची निकडही नव्हती. ते राहायला गेले तो मॅनहॅटनचा भागच ‘क्लाइनडॉइचलांड’, म्हणजे छोटी जर्मनी, म्हणून ओळखला जायचा. बेकरी जर्मन, बिअरचे गुत्ते जर्मन, वर्तमानपत्रं जर्मन, गायन मंडळं जर्मन. बर्लिन आणि व्हिएन्नाच्या खालोखाल सर्वांत जास्त जर्मन बोलणारे लोक न्यूयॉर्कमध्ये राहतात, असं तेव्हा म्हटलं जाई. घरात, गल्लीत, चर्चमध्ये श्टाइनवेग हे नाव बिनबोभाट चाललं असतं.

अडलं ते बाजारात. बाप आणि मुलं आधी तीनेक वर्षं वेगवेगळ्या पियानोवाल्यांकडे कामाला राहिली. इथला धंदा कसा चालतो ते बघितलं. चांगला पियानो म्हणजे लंडनचा ब्रॉडवुड, नाहीतर बोस्टनचा चिकरिंग, ही गिऱ्हाइकाची समजूत होती. पुढे जर्मन कारागिरीचा दबदबा झाला तो याच लोकांमुळे. तेव्हा तो नव्हता. म्हणून 5 मार्च 1853 ला व्हॅरिक स्ट्रीटवर स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा पाटीवर नाव आलं स्टाइनवे अँड सन्स.

[दृश्य : पडद्यावर दोन नावं, एकाखाली एक.]

या बदलातली व्यापारी नजर बघा. पूर्ण भाषांतर केलं असतं तर ‘स्टोनवे’ झालं असतं. तसं केलं नाही. पुढचा अर्धा भाग जर्मनच ठेवला, मागचा अर्धा इंग्रजी केला. जुनं गिऱ्हाईक ओळखेल, नव्या गिऱ्हाइकाची जीभ अडखळणार नाही. दुकानाचं नाव असं अकरा वर्षं चाललं, आणि मग 1864 मध्ये घराण्यानं तेच आडनाव कायद्यानं घेतलं. म्हणजे माणसांवरून पेढीला नाव मिळालं नाही. पेढीवरून माणसांना मिळालं. हाइनरिश झाला हेन्री, कार्ल चार्ल्स, व्हिल्हेल्म विल्यम, आल्ब्रेश्ट अल्बर्ट.

आणि ते चारशे ब्याऐंशी? नव्या पेढीनं विकलेल्या पहिल्या पियानोचा क्रमांक होता 483. किंमत पाचशे डॉलर. नाव बदललं, खंड बदलला, पण म्हाताऱ्यानं मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली नाही. माझ्या मते हा सगळ्या कथेतला सर्वांत बोलका कागद आहे. पाटी गिऱ्हाइकासाठी होती, क्रमांक त्याच्या स्वतःसाठी.

[दृश्य : ब्राउनश्वाइग शहर, जुनी घरं.]

इकडे जर्मनीत थेओडोर अजून श्टाइनवेगच होता. त्यानं धंदा झेझेनहून आधी वोल्फेनब्युटेलला आणि 1859 मध्ये ब्राउनश्वाइगला नेला. भागीदार मिळाला फ्रीडरिश ग्रोट्रियान, मॉस्कोत वाद्यांच्या व्यापारात पैसा कमावून परत आलेला माणूस.

मग आला मार्च 1865. एकाच महिन्यात न्यूयॉर्कच्या पेढीनं दोन कर्ते मुलगे गमावले. धाकटा हेन्री क्षयानं गेला. चार्ल्स युरोपात थेओडोरला भेटायला आला होता, तो ब्राउनश्वाइगमध्येच विषमज्वरानं गेला. बापाला आता थोरला मुलगा जवळ हवा होता. थेओडोरनं आपला हिस्सा विकला आणि तो अमेरिकेला निघाला. घेणारे होते फ्रीडरिशचा मुलगा व्हिल्हेल्म ग्रोट्रियान आणि त्याचे दोन भागीदार. त्यांनी पाटीवर आपली नावं लिहिली आणि खाली जोडलं, ‘थेओडोर श्टाइनवेग यांचे उत्तराधिकारी’. चालू दुकान विकत घेणारा जुन्या मालकाचं नाव पाटीवर राखतोच. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

थेओडोर न्यूयॉर्कला गेला, पण रमला नाही. पेढीचे कितीतरी तांत्रिक शोध त्याच्या नावावर आहेत, भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झशी त्याचा संपर्क होता, पण मन जर्मनीतच. शेवटी तो परतला आणि 1889 मध्ये ब्राउनश्वाइगलाच वारला. त्याआधी 1880 मध्ये त्यानं आणि विल्यमनं मिळून हँबुर्गला कारखाना काढला, आणि तिथे अमेरिकन स्पेलिंगचं नाव जर्मन जमिनीवर आलं. ज्या हँबुर्गहून श्टाइनवेग निघाले, त्याच हँबुर्गात तीस वर्षांनी स्टाइनवे उतरले. झेझेनमध्ये विल्यमच्या देणगीतून झालेली बाग आहे. तिचंही नाव स्टाइनवे पार्क.

[दृश्य : क्वीन्स, न्यूयॉर्क. भुयारी रेल्वेचं स्टेशन, पाटी : स्टाइनवे स्ट्रीट.]

हा विल्यम बेरकी गडी. संप, दंगली आणि मॅनहॅटनच्या जागेचे भाव यांना कंटाळून त्यानं 1870 च्या सुमारास ईस्ट रिव्हरपलीकडे क्वीन्समध्ये चारशे एकर जमीन घेतली. कारखाना, कामगारांची घरं, चर्च, वाचनालय, बालवाडी, ट्राम, असं गावच वसवलं. नदीखालून बोगदा काढायचंही त्याच्याच डोक्यात होतं. त्याच्या हयातीत तो झाला नाही, पण आज सात नंबरची भुयारी गाडी स्टाइनवे टनेलमधूनच जाते. दगडी रस्त्यावरून निघालेलं आडनाव असं पुन्हा एका रस्त्याला चिकटलं. आणि आजच्या स्टाइनवे स्ट्रीटच्या एका टोकाला फेरफटका मारलात तर अरबी पाट्या, हुक्क्याची दुकानं आणि शावरमा. त्या तुकड्याला लोक ‘लिटल इजिप्त’ म्हणतात.

[दृश्य : दुसऱ्या महायुद्धातला लष्करी हिरव्या रंगाचा उभा पियानो.]

दुसऱ्या महायुद्धात या नावाची दोन्हीकडून कुचंबणा झाली. हँबुर्गचा कारखाना अमेरिकन मालकीचा, म्हणून नाझी राजवटीच्या लेखी शत्रूची मालमत्ता. न्यूयॉर्कचा कारखाना अमेरिकन सैन्यासाठी ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांचे, भाग बनवत होता आणि सैनिकांच्या करमणुकीसाठी लष्करी हिरव्या रंगाचे पियानो.

[दृश्य : न्यायालयाची इमारत.]

आता ती कोर्टाची गोष्ट.

ब्राउनश्वाइगच्या ग्रोट्रियान घराण्यानं 1919 मध्ये आपलं आडनावच अधिकृतपणे ग्रोट्रियान-श्टाइनवेग करून घेतलं. न्यूयॉर्कमध्ये बापानं आणि मुलांनी जे 1864 मध्ये केलं होतं, तेच. आधी पाटी, मग आडनाव. युद्धानंतर त्यांचे पियानो अमेरिकेत विकले जाऊ लागले आणि स्टाइनवेचं लक्ष गेलं. वाद न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात पोचला. 1973 मध्ये निकाल स्टाइनवेच्या बाजूनं लागला आणि 1975 मध्ये अपिलातही तोच कायम झाला.

युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. ग्रोट्रियानचं म्हणणं असं, की हजारो डॉलरचा पियानो घेणारा माणूस भाजी घेतल्यासारखा घेत नाही. तो दहा दुकानं फिरतो, वाजवून पाहतो, जाणकाराला सोबत नेतो. तो कसला फसतोय? न्यायालयानं हे अर्धं मान्य केलं. पैसे मोजताना तो फसणार नाही, हे खरं. पण ‘श्टाइनवेग’ वाचून याचा स्टाइनवेशी काहीतरी संबंध असेल असं वाटल्यामुळेच तो दुकानाची पायरी चढला, तर तेवढा फायदासुद्धा दुसऱ्याच्या नावाचा झाला. सुरुवातीचा हा गोंधळही कायद्याला पुरतो. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कायद्यात हा निकाल आजही दाखला म्हणून दिला जातो.

निकाल कायद्याला धरून असेल. पण नुसतं आडनाव म्हणून पाहिलं तर चक्रावून जायला होतं. मूळ शब्द श्टाइनवेग. तो टाकून देणाऱ्यांनी, त्या शब्दाशी साधर्म्य आहे या कारणावरून, तो जपणाऱ्यांना अमेरिकेत तो वापरायला मनाई करून घेतली!

[दृश्य : दोन्ही पियानो, शेजारी शेजारी.]

पुढे दोन्ही नावांचे मालक बदलले. 1972 मध्ये, म्हणजे खटला चालू असतानाच, स्टाइनवे घराण्यानं आपली कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली. 2013 मध्ये ती गुंतवणूकदार जॉन पॉलसन यांच्याकडे गेली. 2015 मध्ये ग्रोट्रियानमधला मोठा हिस्सा हाँगकाँगच्या पार्सन्स म्युझिकनं घेतला. ब्राउनश्वाइगच्या पियानोवर जर्मनीत ‘ग्रोट्रियान-श्टाइनवेग’ असं पूर्ण नाव चालतं. अमेरिकेसाठी नाव ‘ग्रोट्रियान’ एवढंच.