कुडाच्या भिंती, क्वेडलिनबुर्गच्या

(वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रमैत्रिणींनो, जर्मनीतल्या हार्त्स डोंगरांच्या उत्तरेच्या पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग नावाचं गाव आहे. वस्ती 25 हजारांच्या आत. नावाचा पहिला लेखी उल्लेख 922 सालचा, आणि ज्या राजाच्या दस्तऐवजात तो आहे त्या पहिल्या हाइनरिशची कबर तिथल्याच टेकडीवरच्या चर्चमध्ये आहे. गावात लाकडी सांगाड्याची 1300हून अधिक जुनी घरं उभी आहेत, म्हणून 1994 साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पर्यटक दोन तासांत चौक आणि टेकडी बघून निघतात. मी तिथे वर्षभर राहिले, सुतार आणि गिलावा करणाऱ्यांच्या हाताखाली.

जर्मनीत 1964पासून स्वयंसेवी सामाजिक वर्षाचा कायदा आहे. तरुण मुलं वर्षभर रुग्णालयात, वृद्धाश्रमात, बालवाडीत काम करतात. पगार नसतो, हातखर्चाला पैसे, विमा आणि वर्षात किमान 25 दिवस शिबिरं असतात. याच चौकटीत जुन्या वास्तूंच्या जतनाचं कामही बसवलं गेलं. त्यासाठीची पहिली ‘युगेंडबाउह्युटे’, म्हणजे तरुणांची बांधकामशाळा, 1999 साली क्वेडलिनबुर्गमध्येच निघाली. वयाची अट 16 ते 26. कुणाला सुताराकडे पाठवतात, कुणाला जीर्णोद्धार करणाऱ्याकडे, कुणाला वास्तुविशारदाच्या कार्यालयात. मला कार्यशाळा मिळाली, आणि ते माझं भाग्य.

सकाळी सातला काम सुरू. डिसेंबरात तिथे आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, म्हणजे पहिला तास दिव्याच्या उजेडात. नऊला न्याहारीची सुट्टी: पाव, चीज, थर्मासमधली कॉफी. सगळे एका बाकावर बसतात. मेस्त्री, पगारी कारागीर आणि माझ्यासारखी नवी पोर, कुणाला वेगळी जागा नाही. दुपारी चारच्या सुमारास हत्यारं पुसून जागेवर गेली की दिवस संपला. मग कुणी कामाचं बोलत नाही. पुण्यात रात्री दहापर्यंत ड्रॉइंग करत बसायची सवय असलेल्या मला हे पचायला वेळ लागला. पण त्या आठ तासांत जितकं काम होतं तितकं आपल्या चौदा तासांत होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता कामाबद्दल, कारण माझा जीव तिथेच रमला. ही घरं म्हणजे खांब, तुळया आणि तिरप्या टेकूंचा सांगाडा. कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. मूळ सांध्यांना लोखंडी खिळा लागत नाही. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघत, प्रत्येक लाकडावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत आणि मग तो उभा करत. शेकडो वर्षांनी आपण तुळई पुसतो आणि ती खूण बोटाला लागते.

सांगाड्यामधल्या चौकटी कशाने भरलेल्या? उभ्या फाट्या, त्यांत विणलेल्या विलो झाडाच्या काड्या, आणि दोन्ही बाजूंनी पेंढा घातलेल्या मातीचं लिंपण. अहो, हा तर आपला कुड! आपल्याकडे काड्या कारवीच्या असतात आणि मातीत शेण पडतं, एवढाच फरक. तिथे मी माती पायांनी तुडवली तेव्हा मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. आजोळी कोकणात हे बघतच मी मोठी झाले होते.

आमचं निम्मं काम मात्र आधीच्या दुरुस्त्या काढण्याचं होतं. पूर्व जर्मनीच्या काळात या घरांकडे फार दुर्लक्ष झालं, आणि पुढे पुष्कळ ठिकाणी झटपट उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा चढला. माती आणि चुना ओल शोषतात आणि परत सोडतात. सिमेंटला बारीक भेग पडते, तिथून पाणी आत जातं, पण वाळायला वाट उरत नाही. वरून भिंत ठणठणीत दिसते आणि आत ओकची तुळई भुसा होते. मेस्त्री अशा तुळईत पटाशी दाबत. ती मुठीपर्यंत आत जाई. मग कुजलेला भाग तेवढाच कापून नव्या ओकचा तुकडा जोडायचा. चांगलं लाकूड एक बोटभरही जास्त कापलं तर ते नाराज होत. वाया गेलेल्या प्रत्येक इंचाबद्दल इतका जिव्हाळा मी कुठल्याच वर्गात पाहिला नव्हता.

कामाबाहेरचं गाव लहान, म्हणून सगळं अंगावर येतं. रविवारी दुकानं बंद, चार प्रकारचा कचरा चार डब्यांत, रिकामी बाटली परत दिली की 25 सेंट. सगळे प्रेमाने वागले असं मी म्हणणार नाही. बसथांब्यावर रोखून बघणारे होते, आणि काही संध्याकाळी मराठीत कुणाशी बोलता येईना म्हणून कोंडल्यासारखं व्हायचं. पण ज्यांच्या घरी काम चाले त्या आजीबाई दुपारी केक घेऊन येत आणि शेजारी उभ्या राहून काम बघत. तिथल्या लहान गावांत अग्निशमन दलसुद्धा स्वयंसेवकांचं असतं; भोंगा वाजला की माणसं हातातलं काम टाकून धावतात. त्यामुळे पगाराविना काम करणारी मुलगी कुणाला नवलाची वाटली नाही. कोणत्या घरात काम चाललंय, एवढंच विचारत.

इकडे आल्यावर मला एक गोष्ट फार खुपते. वाईचे, पुण्याचे, सासवडचे वाडे, कोकणातली कुडाची घरं हे सगळं आपल्याकडे आहे. कुसू बसवणारे, चुना मळणारे मेस्त्रीही अजून आहेत, पण बहुतेक साठी ओलांडलेले, आणि त्यांच्या हाताखाली कुणी नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला त्यांच्याकडे वर्षभर राहायचं असेल तर तिला हातखर्च कोण देणार, तिचा विमा कोण काढणार? पदवीला ते वर्ष धरलं जाणार का? हे प्रश्न मी महाविद्यालयांना विचारते आहे, तुम्हीही विचारा. दहा मुलं आणि पाच मेस्त्री, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांनी आजपासून जर्मन शिकायला घ्या. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. मेस्त्री इंग्रजी बोलत नाहीत, आणि शिडीवर असताना खालून आलेली सूचना चटकन कळावी लागते. वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं. अर्ज, मुलाखत आणि व्हिसा धरून आधीच्या हिवाळ्यातच तयारीला लागा. आणि हो, जाड तळव्याचे बूट इथूनच नेऊ नका, तिथल्या थंडीत ते कामाचे नाहीत. आता तुमचे प्रश्न घेऊ.