ट्रे घेऊन येणारा माणूस

(दृश्य : वेंगुर्ले. जुलैची संध्याकाळ. चिऱ्याच्या घराची पडवी. दोन खांबांना ताणून बांधलेली पांढरी चादर. पावसाचा आवाज.)

जुन्या सिनेमांत कोकणी माणूस कसा दिसला, याबद्दलचा माझा हा माहितीपट या पडवीतला. शनिवारी साडेसहाच्या सुमाराला इथे पाच-सहा माणसं जमतात. घर एका निवृत्त मास्तरांचं. चादर त्यांची. प्रोजेक्टर त्यांच्या नातीनं कुणाकडून तरी जुना विकत घेतलेला. चहा शेजारच्या खानावळवाल्या काकींचा. सिनेमा जुना असला पाहिजे, एवढीच अट.

अडीच तासांचा सिनेमा इथे चार तास चालतो. मधेच कुणीतरी हात वर करतं, "थांबव गे बाय, हयच थांबव," आणि चित्र चादरीवर गोठतं. मग गजाली सुरू होतात.

मी पहिल्यांदा आले त्या संध्याकाळी हात वर केला तो अण्णांनी. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. चादरीवर साठच्या दशकातला एक मराठी सिनेमा चालला होता. दिवाणखाना, कोपऱ्यात रेडिओ, नायक-नायिकेचं भांडण. तेवढ्यात आतल्या दारातून गडी येतो. अर्धी चड्डी, खांद्यावर फडकं, हातात चहाचा ट्रे. मालकाचा शब्द तो चुकीचा ऐकतो, मालवणी हेलात भलतंच उत्तर देतो. मालक म्हणतो, "रामा, जा तू आत." रामा जातो. एवढंच त्याचं काम.

अण्णा म्हणाले, "माझो बापूस असोच चाय घेवन येय."

पडवीत कुणी काही बोललं नाही.

(दृश्य : वेंगुर्ल्याचं बंदर. रिकामा धक्का. ओढून ठेवलेल्या होड्या, त्यांच्यावर झावळ्या.)

याच किनाऱ्यावरून आगबोटी मुंबईला जायच्या. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली. वरकस जमीन, चार महिन्यांची भातशेती, उरलेले आठ महिने हाताला काम नाही. माणसं बोटीत बसली आणि गिरणीत गेली, गोदीत गेली. काही जण गिरगाव-दादरच्या बिऱ्हाडांत घरकामाला लागले. मुंबईच्या पांढरपेशा घरांत या गड्याला सरसकट रामा म्हणत. मोलकरीण असेल तर ती गंगा. आधीचा गडी गेला, नवा आला, तरी नाव तेच राहायचं.

अण्णांचे वडील गिरगावात एकाच घरात एकतीस वर्षं होते. नाव रामा नव्हतं. अण्णा लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर मुंबईला गेले, तेव्हा त्या घरातली माणसं वडिलांना हाक मारतायत हेच त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, या घरात आणखी कुणीतरी आहे.

आणि सिनेमात तो गडी पहिल्यांदा पाहिला तेव्हा? मी विचारलं. अण्णांनी सरळ सांगितलं, "मी पण हसलंय. सगळेच हसले, मी पण हसलंय."

मला हे माझ्या घरातलंच वाटलं. मी लालबागच्या चाळीत वाढले, चाकरमान्यांची मुलगी. शाळेच्या संमेलनात मोलकरणीची भूमिका मलाच मिळायची, कारण मला मालवणी येत होती. राणीचं काम मागावं हे मला कधी सुचलंच नाही.

हा माहितीपट मी त्या ट्रेपासून सुरू केला. कारण माझी खात्री आहे की सिनेमा लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. पण त्यांनी कोकणी माणूस पाहिला तो आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात. तिथून तो जेवढा दिसतो तेवढाच पडद्यावर आला. तरव्यात गुडघाभर चिखलात उभा असलेला, जमिनीच्या दाव्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा, जत्रेच्या रात्री राजा झालेला माणूस त्यांना दिसलाच नव्हता.

हो, राजा. अण्णांचे वडील एखाद्या वर्षी जत्रेच्या दिवसांत गावी असले, तर दशावतारात राजाचं काम करत.

(दृश्य : देवळासमोरचा मांड. पेटारा उघडतोय. आरशात बघून एक नट कपाळावर गंध ओढतोय. मृदंग.)

दशावतार पाहिलेल्याला ठरावीक पात्रं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. इथे शंकासुर आहे, ऋषी आहे, राजा आहे, राक्षस आहे, पुरुषानं उभा केलेला स्त्रीपार्ट आहे. राक्षस कसा गर्जणार, राजा तलवार कशी फिरवणार, सगळं ठरलेलं. संवाद मात्र लिहिलेले नाहीत. उभ्या उभ्या सुचतील तसे. आणि पहाटे रंग पुसला की राक्षस झालेला माणूस डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. राक्षस त्याला चिकटून राहत नाही. गावातलं पोरसुद्धा त्याला दुसऱ्या दिवशी घाबरत नाही.

सिनेमातल्या रामाचा रंग मात्र कुणी पुसलाच नाही. तो पडद्यावरून उतरला आणि लोकलच्या डब्यात, ऑफिसात, वर्गात आमच्याबरोबर येऊन बसला.

(दृश्य : पडवी. काकी पदराला हात पुसत येतात, उंबऱ्यावर बसतात.)

काकी मूळच्या मच्छीमार गाबीत वस्तीतल्या. खानावळ सुरू करण्याआधी त्यांनी मासे विकलेत. पडद्यावर समुद्रकाठचं गाणं लागलं, वीस जणी एका रंगाची लुगडी कासोट्यात नेसून, डोक्यावर पाटी घेऊन नाचायला लागल्या, की काकींचा हात वर. "पाटयेत मासो खय आसा? पाणी ठिबकूक व्हया ना! भरलेली पाटी डोक्यार घेवन अशी मान हलवून दाखव बघूया."

मला ही टीका कुठल्याही समीक्षेपेक्षा नेमकी वाटते. भरलेल्या पाटीखाली मान ताठ राहते, एक हात वर जातो, पाऊल सपाट पडतं. खांद्यावरून खारं पाणी ओघळतं. पाटी रिकामी होती म्हणूनच त्या बायका इतक्या हसऱ्या होत्या.

(दृश्य : एक जुना ट्रम्पेट. बोटं कळांवरून फिरतात.)

आता मेस्त. संगीत शिकवणारे म्हणून त्यांना सगळे मेस्तच म्हणतात. चर्चच्या क्वायरला ते शिकवतात, लग्नाच्या बँडमध्येही वाजवलंय. मेस्त हात वर करतात तो नाईट क्लबच्या दृश्यात. पुढे हेलन नाचत असते, सगळे हेलनकडे बघत असतात, आणि मेस्त मागच्या अंधारात उभ्या असलेल्या बँडकडे बोट दाखवतात.

त्या काळच्या हिंदी सिनेमात ख्रिश्चन म्हणजे काय? मुलगी असेल तर किटी, रोझी, लिली. आखूड कपडे, हातात ग्लास, आणि शेवटी नायकासाठी गोळी खाऊन मरणार. पुरुष असेल तर बाटली. 'बॉबी'तला बाप मनाचा राजा आहे, पण बाटली त्याचीही सुटत नाही. आणि याच सिनेमांचं संगीत कागदावर उतरवत होते ते गोव्याचे ख्रिश्चन वादक. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे. तिचं स्वरलेखन करायचं, कुठे व्हायोलिन, कुठे चेलो, कुठे ट्रम्पेट हे ठरवायचं, पन्नास वादकांसमोर पानं मांडायची, हे काम अरेंजरचं. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा. सी. रामचंद्र यांच्या 1951 च्या 'अलबेला'त साहाय्यक होते चिक चॉकलेट, आल्डोना गावचे ट्रम्पेटवादक. पडद्यावरच्या नावांच्या यादीत अरेंजरचं नाव शोधत बसावं लागतं.

आणि मग मेस्तांचा सगळ्यात मोठा विषय येतो. 1977 चा 'अमर अकबर अँथनी'. त्यातला अँथनी गोन्साल्विस देशी दारूचा अड्डा चालवतो, मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन गाणं म्हणतो. सगळ्या भारताला ते गाणं पाठ आहे. खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. व्हायोलिनवादक, अरेंजर, आणि प्यारेलाल यांचे गुरू. शिष्यानं गुरूचं नाव त्या गाण्यात ठेवलं. त्यामागे निखळ प्रेम होतं. या गुरूनं 1958 साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला होता, भारतीय राग आणि पाश्चात्त्य सिंफनी एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना वाजवल्या होत्या. त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.

मेस्त त्या गाण्यावर रागावत नाहीत. ते लागलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत पायानं ठेका धरतात. पण संपलं की म्हणतात, "गुरूचा नाव ऱ्हवला, गुरू खय गेलो?"

(दृश्य : चादरीवर 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा.)

याच बोलण्यात मास्तरांच्या नातीनं एक गोष्ट काढली, ती मलाही ठाऊक नव्हती. 1954 च्या 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, आणि पुढे 1979 च्या 'बातों बातों में'मधले अंकल टॉम. दोन्ही भूमिका डेव्हिड यांच्या. पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना ते ख्रिश्चनच वाटले. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. बेने इस्रायली, म्हणजे याच कोकणपट्टीवर शतकानुशतकं राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. आडनाव चेऊलवरून, म्हणजे अलिबागजवळच्या आपल्या चौलवरून. पेणचा पेणकर, नागावचा नागावकर, तसे हे चेऊलकर. पडद्यावर कधी चेऊलकर नावाच्या माणसाची भूमिका त्यांना कुणी दिली असती तर! मला ती बघायला फार आवडली असती.

'बातों बातों में' या पडवीत तीनदा बघून झालाय. त्यात वांद्र्याची ख्रिश्चन कुटुंबं आहेत आणि ती लोकलनं कामाला जातात, लग्नाची बोलणी करतात, रुसतात. कुणी नाचत मरत नाही. मेस्तांना तो एवढ्यासाठीच आवडतो.

आणि 'अनाडी'तल्या मिसेस डिसा. भाड्यासाठी ओरडणारी आणि त्याच श्वासात भाडेकरू पोराला जेवायला वाढणारी घरमालकीण. 1959 साल, भूमिका ललिता पवारांची. काकींना हा सिनेमा बघवत नाही आणि सोडवतही नाही. 1942 मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहनटाची थप्पड जोरात बसली आणि ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. डावा डोळा बारीक राहिला तो कायमचा. तोपर्यंत त्या नायिका होत्या. नंतर तोच दुखावलेला डोळा कजाग सासूची खूण ठरला, पुढे दूरदर्शनवर मंथरेचीही. एका बाईची जखम देशानं दुष्टपणा म्हणून ओळखली. मिसेस डिसाच्या मायेनं भरलेल्या नजरेतही तोच डोळा आहे. बघणाऱ्यानं नीट बघावं, इतकंच.

(दृश्य : पाऊस वाढलाय. वीज जाते. कंदील.)

वीज गेली की खरं भांडण सुरू होतं. आणि ते नेहमी 'वस्त्रहरण'वर येतं. नाटक असलं म्हणून काय झालं, मालवणी माणसाच्या चित्राबद्दल बोलायचं तर त्याला टाळून जाता येत नाही.

मास्तरांचं म्हणणं असं. गंगाराम गवाणकरांचं नाटक 1980 साली आलं, मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच झाले, पाच हजारांवर प्रयोग झाले. त्याआधी रंगमंचावर मालवणी बोलायचा तो गडी. इथे सरपंच मालवणी बोलतो, द्रौपदी मालवणी बोलते, धर्मराज मालवणी बोलतो. सगळेच बोलतात म्हटल्यावर भाषेला कोण हसणार? लोक हसले ते माणसांच्या वागण्याला. मुंबईच्या नाट्यगृहात चाकरमानी पहिल्यांदा मालकासारखा पुढच्या रांगेत बसला.

नात ऐकून घेते आणि म्हणते, "बरोबर. पण मगे मालवणी माणूस रडतलो कधी?"

तिचा मुद्दा मला खरा वाटतो. नाटकाचा दोष नाही, पण त्यानंतर मालवणी म्हटलं की विनोद, हे गणित पक्कं झालं. पुढे मालिकांनी त्यात भुतं घातली. 2016 मध्ये आकेरीच्या वाड्यावर 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा इथल्या पुष्कळांना राग आला होता, आणि तरी रात्री साडेदहाला घराघरात तीच चालू होती. दोन्ही खरं आहे.

पण कोकणानं पडद्यावर रडून दाखवलंय. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आजवर मिळवलेल्या मराठी सिनेमांत अगदी पहिला, 1953 चा 'श्यामची आई', दापोलीजवळच्या पालगडचा. त्यानंतर पन्नास वर्षांनी तो मान मिळाला 'श्वास'ला, नातवाच्या डोळ्यांसाठी कोकणातून शहरात आलेल्या आजोबांच्या गोष्टीला. पुढे 'कासव' याच किनाऱ्यावरचा. तिन्हींत कोकणी माणूस दाराशी ट्रे घेऊन उभा नाही. पहिल्या दोन्हींत तर गोष्ट त्याच्यापाशीच सुरू होते.

काकींचं 'श्यामची आई'बद्दल वेगळं मत आहे. त्या म्हणतात, ती आई मोठीच, पण तिच्यामुळे कोकणातली आई म्हणजे शांत, सोशिक, तुळशीपुढे हात जोडलेली, असंच ठरून गेलं. "माझी आवस लिलावात दलालाक शिव्या घाली. तीव आईच होती." हे वाक्य मी माहितीपटात दोनदा ठेवायचा विचार केला होता.

(दृश्य : कंदिलाच्या उजेडात पत्र्याची पेटी.)

अंधारात अण्णा उठून घरी गेले. घर दोन गडगे सोडून. भिजत परत आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. आत मनीऑर्डरींची कुपनं होती. पैसे पोस्टमन द्यायचा, खालचा मजकुराचा तुकडा घरी राहायचा. आईनं एकही टाकलं नव्हतं. "भात लावणी झाली काय. गुरांक पेंड घेवा. पोरग्याक शाळेत घाला." मजकूर चार ओळींचा, कारण जागाच तेवढी.

त्याखाली पाठवणाऱ्याचं नाव. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. रामा म्हणून हाका मारणाऱ्या घराच्या पत्त्यावरून, दर महिन्याला, स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

अण्णांनी विनंती केली की ते नाव कॅमेऱ्यात घेऊ नये. मी घेतलं नाही. पण त्यांनी ते कंदिलाजवळ धरून मोठ्यानं वाचलं, आणि पडवीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

(दृश्य : वीज येते. चादर उजळते. ट्रे घेतलेला गडी अजून तिथेच थांबलेला.)

नातीनं विचारलं, "अण्णानू, बंद करू?"

"कित्याक? चलान दे. पुढचा गाणा बरा आसा."

काकी चहा गरम करायला उठल्या. मेस्तांनी पुढच्या शनिवारसाठी 'अनाडी'चं नाव लिहून घेतलं. मागच्या वेळी शेवटच्या अर्ध्या तासाला काकींना भाकऱ्या थापायला जावं लागलं होतं.