गंगव्वाचा प्रश्न

मंडळी, विषय दिलाय 'युद्धात होरपळणाऱ्यांना धीर'. खानापुरात बसून गाझाला नाहीतर युक्रेनला धीर द्यायचा कसा, हे मला दोन दिवस सुचेना. मग आमची शेजारीण गंगव्वा आठवली.

१९७१ च्या डिसेंबरात माझा थोरला भाऊ पलटणीत होता. त्यात नवल काही नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, फौजेत पोरं असलेली घरं इथं गल्लोगल्ली. ३ तारखेला युद्ध पेटलं आणि आईचं जेवण तुटलं. येईल तो म्हणायचा, 'काही होत नाही, धीर धरा.' आई मान हलवायची आणि ताट सारून ठेवायची.

गंगव्वाचं मराठी जेमतेम, आईचं कन्नड त्याहून बेताचं. ती दिवेलागणीला यायची, पदराखाली जोंधळ्याची भाकरी, वर चिमूटभर शेंगदाण्याची चटणी. उंबऱ्याला टेकून एकच विचारायची, 'ऊट आतेन?' जेवण झालं का? आई गप्प राहिली की भाकरी मोडून अर्धी स्वतः खायला लागायची. मग आईलाही दोन घास घ्यावेच लागत. भावाचं नाव तिनं कधी काढलं नाही. भाषेवरनं आपल्याकडं जे झालंय, होतंय, ते मी आज उगाळत नाही.

आपल्या शेजारी कोल्हापूरजवळ वळीवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, सायबेरियातनं इराणमार्गे आलेली. तिथं त्यांच्या भाषेतली शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची. मला यातलं शाळेचं मोठं वाटतं. पोट कुणीही भरेल; पण पोराला त्याच्या भाषेत शिकवायचं म्हणजे तू परत जाशील हे धरून चालायचं. पुढं त्याच जागी फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते.

२०२२ मध्ये युक्रेनमधनं निघालेली आपली पोरं पोलंडच्या हद्दीवर पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी गरम सूप दिलं. काहीजण म्हणतात, वळीवड्याची परतफेड. मला नाही पटत. सूप देणाऱ्या त्या बायकांनी वळीवड्याचं नावही ऐकलं नसेल. समोर गारठलेलं पोर दिसलं, एवढंच. सगळी पोरं मात्र परतली नाहीत. आपल्या हावेरी जिल्ह्यातला एक वैद्यकीय विद्यार्थी १ मार्चला खारकीवमध्ये मारला गेला. खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला होता. आईवडिलांनी त्याचा देह दावणगेरीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

म्हणून एक विनंती. ज्यांचं पोर तिकडं अडकलंय, त्यांच्या मोबाइलवर बाँबचे व्हिडिओ ढकलू नका. 'काही कळलं का?' म्हणून दिवसातनं चारदा फोनही नको. घरी जा. पाणी भरायचं असेल, म्हैस पिळायची असेल, तर ते करा. बोलायला काही नसलं तर बोलू नका.

१६ तारखेला रेडिओनं सांगितलं, ढाक्यात शरणागती झाली. गल्लीत साखर वाटली. आमच्याकडं पत्र आलेलं नव्हतं. आई आत बसून होती, हातात साखरेची पुडी तशीच. दिवेलागणीला दार वाजलं. पदराखाली भाकरी होती.