नोटीस दिली, म्हणजे व्यवहार थांबला का?

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्राचं कात्रण, चार घड्या घातलेलं. मुलुंडमधला वडिलांचा फ्लॅट. वडील मृत्युपत्र न करता गेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचं नाव लागलं आणि भावानं गिऱ्हाईक शोधलं. बाईंनी कुणाच्या तरी सल्ल्यानं पेपरात जाहीर नोटीस दिली : "तमाम लोकांस कळविण्यात येते की..." आणि त्या निर्धास्त झाल्या. महिन्याभरात खरेदीखत नोंदलं गेलं.

"पण वकीलसाहेब, मी नोटीस दिली होती ना!"

दिली होती. पण पेपरातली जाहीर नोटीस ही दवंडी आहे, कुलूप नव्हे. ती वाचून शहाणा गिऱ्हाईक मागे फिरतो, बँक कर्ज द्यायला कचरते, तेवढाच तिचा धाक. त्या कात्रणावरून कुठलंही दुय्यम निबंधक कार्यालय दस्त अडवत नाही. तसंच उलट्या बाजूनं. विकत घेणाऱ्याचा वकील "चौदा दिवसांत हरकत न आल्यास हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल" असं छापतो, त्यानं तुमचा हक्क बुडत नाही. ते समजणं त्याचं, कायद्याचं नव्हे.

मग थांबवतं काय? कोर्टाचा मनाई हुकूम. दिवाणी दावा लावून तो मागायचा असतो.

आणि दावा चालू असताना कुणी विकलंच तर? त्यासाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ५२ वं कलम आहे. कोर्टकचेऱ्यांत त्याला 'लिस पेंडन्स' म्हणतात. गंमत अशी की हे कलमही विक्री थांबवत नाही. विक्री होते, फक्त घेणाऱ्याच्या गळ्यात दावाही पडतो. निकाल जो लागेल तो त्याला बंधनकारक, मग तो दाव्यात पक्षकार असो वा नसो. पण मुंबईतल्या मिळकतीला एक मेख आहे. १९३९ साली इथल्या सरकारनं या कलमात दुरुस्ती केली : दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवलेली असेल, तरच हे संरक्षण. दावा लावून ही नोंद करायला विसरलेले लोक मी पाहिलेत. वकीलही पाहिलेत, काय सांगू!

गावाकडच्या श्रोत्यांसाठी एवढंच : खरेदीनंतर तलाठी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, धरतो आणि नमुना नऊची नोटीस येते. हरकतीला १५ दिवस असतात. ती नोटीस "नंतर बघू" म्हणून खुंटीला टांगू नका. लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. हरकत आली की फेरफार सहजासहजी मंजूर होत नाही, प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. तरीही, फेरफार अडला म्हणजे खरेदीखत रद्द झालं असं मात्र नाही.

त्या मुलुंडच्या बाईंनी पुढं वाटपाचा दावा लावला आणि यावेळी दाव्याची नोटीस रीतसर नोंदवली. दोनेक वर्षांनी नव्या मालकानं फ्लॅट पुढे विकायला काढला. येणाऱ्या गिऱ्हाईकाच्या वकिलानं फ्लॅटच्या तीस वर्षांच्या दस्तनोंदींचा शोध घेतला, त्यात ती नोंद निघाली. संध्याकाळी बाईंचा फोन : "साहेब, ज्यानं फ्लॅट घेतला ना, तो आमच्या दारात उभा आहे. चहा विचारू का?"