चादर

आपण रात्री अंगावर ओढतो ती चादर मराठीत फारसीतून आली. इराणमध्ये बायका डोक्यापासून पायापर्यंत लपेटून घेतात, तीही चादरच. बाईचं डोकं झाकावं की उघडं ठेवावं, यावर तिथल्या सरकारांनी ५० वर्षांच्या आत दोन उलटे हुकूम काढले.

८ जानेवारी १९३६. तेहरानमधल्या शिक्षक महाविद्यालयाच्या समारंभाला इराणचे राजे रझाशाह पहलवी आले. सोबत राणी आणि मुली, चादरीशिवाय, युरोपीय टोप्या घालून. त्यानंतर रस्त्यात चादर दिसली की पोलीस ती हिसकावून घेऊ लागले. कितीतरी बायकांनी मग उंबरठाच ओलांडला नाही. पण घरोघरी न्हाणीघर कुठे होतं? अंघोळीला सार्वजनिक हमामातच जावं लागे. मग रात्री, पोलिसांची नजर चुकवून, गच्च्यांवरून हमाम गाठायचा. अंघोळीसाठी! जिला मोकळं करायचं म्हणून हुकूम निघाला, तीच घरात कोंडली गेली. १९४१ मध्ये रझाशाहना गादी सोडावी लागली, तेव्हा कुठे ही सक्ती सैल झाली.

पुढे त्यांच्या मुलाच्या राजवटीविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा अनेकींनी निषेध म्हणून मुद्दाम चादर पांघरली. क्रांती झाली. आणि ७ मार्च १९७९ ला क्रांतीचे नेते, धर्मगुरू खोमेनींनी सांगितलं, सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाब घालूनच यावं. दुसऱ्याच दिवशी, महिला दिनी, बर्फात हजारो जणी तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. ‘मागे जायला आम्ही क्रांती केली नाही!’ त्या गर्दीत चादर घेतलेल्याही होत्या. त्यांचा विरोध कापडाला नव्हता, सक्तीला होता. तरी १९८३ मध्ये कायदा आलाच: डोकं झाकलं नाही, तर ७४ फटके.

चादर ओढणारा पोलीस आणि रुमाल बांधायला लावणारा पोलीस, मला दोघांत फरक दिसत नाही. बाईला कुणीच विचारलं नाही.

डिसेंबर २०१७. तेहरानच्या इन्किलाब रस्त्यावर विदा मोवाहेद एका लोखंडी पेटीवर चढली आणि आपला पांढरा रुमाल काठीला बांधून उभी राहिली. तिला अटक झाली. मग दुसऱ्या चढल्या. तेव्हा अशा पेट्यांवर उतरती झाकणं बसवली गेली, पाय ठरू नये म्हणून.

सप्टेंबर २०२२. २२ वर्षांच्या महसा अमिनीला हिजाबच्याच कारणावरून पोलिसांनी पकडलं. तीन दिवसांनी ती गेली. साकेझला, तिच्या गावी, दफनाच्या वेळी बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढले, हवेत फिरवले आणि कुर्दी भाषेत घोषणा दिली: जिन, जियान, आझादी. बाई, जगणं, आझादी.