दगड हातातून सुटल्यावर

नमस्कार, श्रोतेहो.

कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकून स्ट्रायकर सोडताना बोटाला एक अंदाज लागतो ना, तो आठवा. आता स्ट्रायकरच्या जागी जवळजवळ २० किलोंचा ग्रॅनाइटचा दगड घ्या, आणि बोर्डाच्या जागी सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी. दगड सुटला की दोघं जण ब्रश घेऊन त्याच्या पुढं धावतात, बर्फ जोरात घासतात. घासलेल्या बर्फावर दगड लांब जातो आणि कमी वळतो. हे कर्लिंग.

आज बोलायचंय ते कीथ वेंडॉर्फ यांच्याबद्दल. जन्मले कॅनडात, खेळले जर्मनीकडून. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीतल्या लार गावी कॅनडाच्या लष्कराचा तळ होता. सैनिकांसोबत त्यांचा खेळही तिथं पोचला होता. वेंडॉर्फ त्याच लारचे.

१९८३ साली कॅनडातल्या रेजायना शहरात जागतिक स्पर्धा झाली. वेंडॉर्फ जर्मन संघाचे स्किप, म्हणजे कप्तान. अंतिम सामना पडला तो एड वेरेनिच यांच्या कॅनडाशीच! जन्मभूमीत, जन्मभूमीच्या विरुद्ध. सामना हरले, रौप्यपदक मिळालं. त्या दिवशी त्यांच्या मनात काय चाललं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढं ते जर्मन संघाचे प्रशिक्षक झाले. स्किपचं सारं आयुष्य बोलण्यात जातं. बर्फ तोच वाचतो, दगड कुठं थांबवायचा ते तोच दाखवतो, घासा की थांबा हेही तोच ओरडून सांगतो. प्रशिक्षकाला मात्र पट्टीच्या मागं, बाकावर बसावं लागतं. सामना सुरू असताना खेळाडूंशी बोलायची मुभा नाही, टाइम-आउट घेतला तरच. समोर चुकीचा दगड निघालेला दिसतोय, आणि आपण गप्प. ज्यानं स्वतः स्किप म्हणून इतकी वर्षं आवाज दिला, त्याला ही शांतता किती जड गेली असेल!

त्यानंतर वेंडॉर्फ जागतिक कर्लिंग महासंघात गेले. स्पर्धा आणि खेळाचा प्रसार ही जबाबदारी त्यांच्याकडं आली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून कर्लिंग हा ऑलिंपिकमधला नियमित पदकांचा खेळ झाला होता, नवे देश या खेळाकडं वळत होते. ब्राझीलसुद्धा आज या महासंघात आहे. जिथं तळ्यातलं पाणी कधी गोठतच नाही, तिथला मुलगाही आता हा दगड हातात धरतो, गुडघा वाकवतो, आणि अलगद सोडून देतो.